सहा दुकानांचं एक मशीन

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं डोक्यातून पुसली गेली. मंडईमागच्या बांबूच्या दुकानांचं हे प्रकरण मात्र गेलेलं नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

माजी पोलीस अधिकारी म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांसमोर पिकलेल्या मिशा येतात. माझ्या अजून काळ्या आहेत. मी उपनिरीक्षक असतानाच राजीनामा दिला आणि आता छोट्या दुकानदारांमध्ये पत्रकं वाटत फिरतो. ऑनलाइन पैसे घ्यायला तुम्हाला किती पैसे पडतात, ते विचारा, एवढंच त्या पत्रकात असतं. पोलीस खात्यातला माणूस या भानगडीत कसा पडला, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर ही हकीकत आहे. नाव कुणाचंच घेणार नाही. ज्यांचं घ्यावंसं वाटतं, त्यांचंही नाही.

सुरुवात नेहमीसारखी झाली. परराज्यातल्या एका शहरात एका निवृत्त शिक्षकाला फोनवरून गंडवलं होतं. त्याची पुंजी या खात्यातून त्या खात्यात अशी पळवलेली, आणि तिचा एक तुकडा आमच्या हद्दीतल्या खात्यात येऊन पडलेला. खातं होतं मंडईमागच्या टोपल्या-सुपांच्या दुकानाचं, एका बाईच्या नावावर. तिकडच्या पोलिसांच्या पत्रावरून बँकेने खातं गोठवलं आणि चौकशी आमच्याकडे आली. इथवर काही विशेष नाही. चोरीचा पैसा कुणाच्याही गल्ल्यात येऊ शकतो.

पण मी बँकेत माहिती घ्यायला गेलो, तेव्हा शाखाधिकाऱ्याने खुर्ची जवळ ओढली. हळू आवाजात म्हणाला, साहेब, खात्याची चाल बघा. दिवसभर भरतं आणि संध्याकाळी रिकामं होतं. रोज. पैसे जातात त्याच पाच जणांना, आणि पाचही जण वेगळ्या आडनावांचे, शहराच्या वेगवेगळ्या टोकांना राहणारे.

पोलिसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. गरिबाचं खातं भाड्याने घ्यायचं, चोरीचा पैसा त्यात उतरवायचा आणि अंधार पडायच्या आत पुढे पांगवायचा, ही ठगांची ठरलेली रीत. खातेदाराच्या हाती चार पैसे टेकवायचे. पकडला जातो खातेदार.

मी दुकान बाहेरून पाहून आलो. दुकान कसलं, भिंतीतलं कपाट. दोन माणसं आत उभी राहिली तर टोपल्यांनी बाहेर जायचं. तिथे एवढी उलाढाल होणं शक्य नव्हतं. वरिष्ठ निरीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, बाईंचा जबाब घ्या, आणि समाधान झालं नाही तर अटकेचा प्रस्ताव ठेवा. मी प्रस्ताव आधीच टंकायला बसलो. खरं सांगायचं तर प्रकरण मला सोपं वाटत होतं.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात ओढता येत नाही, घरी जावं लागतं. म्हणून हवालदार, एक महिला शिपाई आणि मी विश्रांतवाडीला गेलो. हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचे, सदाशिव पेठेत वाढलेले, कमी बोलणारे आणि बोलले की टोचणारे. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली शिवणयंत्र. दाराशी एक कापडी पिशवी भरून ठेवलेली. महिला शिपायाने नियमाप्रमाणे ती उघडून पाहिली. आत एक साडी, टॉवेल, कंगवा आणि बीपीच्या गोळ्या.

बाई पन्नाशीच्या. नजर सरळ. म्हणाल्या, "तुमच्याकडं गोळ्या मिळत नसतील, म्हणून घेऊन ठेवल्या."

मी जबाब सुरू केला.

"मावशी, खात्यात येतो तो सगळा पैसा तुमच्याच धंद्याचा?"

"माझाच."

"एवढ्याशा दुकानात एवढं गिऱ्हाईक मावतं?"

"बाहेर उभं राहतं. पुण्यात गिऱ्हाइकाला उभं राहायची सवय आहे."

हवालदारांनी खिडकीकडे तोंड वळवलं. त्यांना हसू आलं होतं.

"आणि रोज संध्याकाळी पाच जणांना पैसे जातात ते?"

"त्यांच्याकडून माल घेते."

"रोज?"

"रोज."

"कसला माल?"

"बांबूचा."

त्या शिक्षकाचा पैसा आला तो दिवस मी सांगितला. त्या दिवशी एवढं मोठं गिऱ्हाईक कोण आलं होतं? त्यांनी शिवणयंत्रावरचं कापड सारखं केलं. मग म्हणाल्या, आठवत नाही. किती विचारलं, कसं विचारलं, धाक घातला, समजूत काढली. तीन शब्दांच्या वर उत्तर नाही. निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आज नेणार का उद्या? उद्या असेल तर पाणी भरून ठेवते."

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, खोटं बोलतायत. हवालदार म्हणाले, "बोलतायत. पण साहेब, स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस गोष्ट रचतो. दहा तपशील देतो, मुलाबाळांची शपथ घेतो. ही बाई दाराला आतून टेकून बसल्यासारखी बसलीय. आत कोण आहे ते बघायला पाहिजे."

मला ते पटलं नव्हतं. तरी दुकानाचा पंचनामा राहिलाच होता, म्हणून दुसऱ्या दिवशी साध्या वेशात मंडईमागे गेलो. खातं गोठलेलं असलं तरी मावशी दुकान उघडून बसल्या होत्या, रोखीवर. कार्डाचं मशीन आम्ही आधीच मुद्देमालात जमा केलं होतं. पंच यायचे होते. मी दुकानाच्या तोंडाशी बांबूच्या एका बुटक्या मोड्यावर बसलो, हवालदार शेजारी सुपं न्याहाळत उभे. ओळीत सहा दुकानं, सगळी तशीच कपाटाएवढी. कुणाकडे टोपल्या, कुणाकडे रुखवताचं सामान, टोकाला केरसुण्या विकणाऱ्या आजी, आणि त्यांच्या अलीकडे बांबूची झुंबरं करणारे एक काका.

काकांकडे आयटीतली असावी अशी एक मुलगी आली. दोन झुंबरं काढली आणि म्हणाली, "काका, यूपीआय गंडलंय माझं. कार्ड चालेल ना?"

काकांनी मान वर न करताच हाळी दिली, "मावशी, मशीन सोडा इकडं!"

आणि लगेच मधल्या दुकानातल्या माणसाने एक रिकामं सूप उचललं, हात लांब करून मावशींच्या दुकानाकडे धरलं आणि वाट बघत राहिला. त्याच्या पलीकडच्याने तेच सूप पुढे घ्यायला हात तयार ठेवला. कुणी काही ठरवलं नव्हतं. हातांना सवय होती. पाऊल न हलवता मशीन सुपातून दुकानादुकानांतून पुढे जायचं आणि तसंच परत यायचं.

सूप हवेत तसंच राहिलं; मशीन आमच्या ठाण्यात होतं. मग त्या माणसाला मी दिसलो. मग काकांना.

हवालदार म्हणाले, "थांबलात का? चालू द्या. मशीन कुठंकुठं जातं ते आम्हालाही बघू द्या."

काका दुकानातून उतरले. त्यांच्या हातात बांबू सोलायची सुरी तशीच होती, ती त्यांनी आधी खाली ठेवली, तेवढं भान होतं.

"तिला काही करू नका साहेब. आम्ही सहाजण आहोत त्यात."

"काका, गप बसा," मावशी आतून म्हणाल्या.

"आता कसला गप बसतोय. तू आत जायला निघालीस आणि आम्ही इथं झुंबरं विणत बसायचं?"

मग सगळं बाहेर आलं. एकेकाकडून, एकमेकांचं तोडत. मशीन देणाऱ्या कंपनीचा एक प्रतिनिधी ओळीत आला होता. प्रत्येकाने वेगळं मशीन घेतलं तर भाडं परवडणार नाही, असं त्यानेच सांगितलं. सहाजणांत एक घ्या, भाडं वाटून जाईल, आणि एका नावावर उलाढाल मोठी दिसली की शुल्काचा दरही उतरेल. मावशींची कागदपत्रं तेवढी पूर्ण होती, म्हणून मशीन त्यांच्या नावावर. कार्ड असो वा यूपीआय, सगळ्यांनी पैसे त्याच मशीनवर घ्यायचे. पैसे रोजच्या रोज वाटता यावेत म्हणून त्याच दिवशी खात्यात रक्कम जमा होण्याची सोय त्याने सुरू करून दिली. मावशी संध्याकाळी पावत्या बघून ज्याचं त्याला पाठवायच्या, ठरलेलं शुल्क कापून. भाड्याच्या खात्याची म्हणून जी चाल मला दिसली होती, ती ही होती.

मग गप्प का राहिल्या? कारण त्याच प्रतिनिधीने जाताना सांगितलं होतं की ही गोष्ट बाहेर फुटली तर सहाच्या सहा जण तुरुंगात जातील. मावशींनी हिशेब केला. सहा जाण्यापेक्षा एक गेलेलं बरं. बाकीच्यांना त्यांनी शपथ घातली होती.

मी काकांना त्या दिवसाबद्दल विचारलं. ते लगेच म्हणाले, "तो होय? बारा झुंबरं नेली त्यानं. घासाघीस नाही, एक शब्द नाही. मला तेव्हाच खटकलं. मंडईत भाव न करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मीच त्याला टेम्पो करून दिला."

टेम्पोवाला स्वारगेटला उभा असतो, हे काकांना ठाऊक होतं. संध्याकाळच्या आत तो सापडला. त्याने माल बाणेरकडच्या एका नव्या हॉटेलात उतरवला होता. अजून उघडलेलंही नव्हतं. चोरीच्या पैशातून हा गृहस्थ हॉटेल काढत होता. छताला आमच्या काकांची बारा झुंबरं टांगलेली, खाली टेबलावर फोन आणि सिमकार्डांचा ढीग. परराज्यातलं पथक आलं, त्यांच्या ताब्यात दिला. शिक्षकाचा बराचसा पैसा पुढे अडवता आला, असं त्यांनी नंतर कळवलं.

विचार करा. बाईंनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर हा माणूस पहिल्याच दिवशी सापडला असता. त्यांचं तोंड कुणी बंद केलं होतं? ठगाने नाही. शुल्काबद्दल खोटं सांगून मशीन विकणाऱ्याने.

त्या प्रतिनिधीला बोलावलं. पंचविशीचा, गळ्यात ओळखपत्र, घामाघूम. त्याच्याशी मी फार गोड बोललो नाही.

"करारात मशीन वाटून वापरायला बंदी आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"हो सर. पण टार्गेट असतं सर."

"मोडला करार, तर कंपनी काय करते?"

"मशीन काढून घेते."

"मग तुरुंगाचं का सांगितलंस?"

त्याने गळ्यातलं ओळखपत्र चाचपलं. "नाहीतर ते कंपनीला फोन करून विचारत बसले असते, सर."

हे वाक्य मी विसरत नाही. विचारत बसले असते! दुकानदाराने स्वतःच्या पैशाबद्दल विचारणं हा धोका, आणि तो टाळायला पन्नाशी-साठीच्या माणसांना तुरुंगाची भीती घालायची. त्याच्यावर गुन्हा बसेना. कंपनीने माफीचं पत्र दिलं आणि आपली सुटका करून घेतली. मी तेव्हा वर्दीत होतो, म्हणून गप्प बसलो. आता नाही.

बँकेला खातं मोकळं करण्याचं पत्र मी स्वतः घेऊन गेलो. शाखाधिकारी ओशाळला. माणूस वाईट नव्हता. दुपारच्या वेळी तो माझ्याबरोबर ओळीत आला, मोड्यावर बसला आणि त्याने मशीनच्या कंपनीकडून मागवलेलं महिन्याचं विवरण सगळ्यांसमोर उलगडून सांगितलं. प्रत्येक वाक्यागणिक माझं डोकं तापत गेलं.

गिऱ्हाईक आपल्या बँक खात्यातून यूपीआयने पैसे देतं, त्यावर दुकानदाराला शुल्कच नाही. रुपे डेबिट कार्डावरही नाही. शुल्क मुख्यतः पडत होतं क्रेडिट कार्डावर. उरलेलं जात होतं मशीनच्या भाड्यात आणि त्याच दिवशी पैसे मिळण्याच्या त्या सोयीत. ती सोय फुकट नव्हती, आणि वाटणी नसती तर तिची गरजही नव्हती. आणि सगळ्यात वर कडी म्हणजे एका नावावर उलाढाल मोठी दाखवण्याचा तो सल्ला. इतर डेबिट कार्डांवर लहान दुकानदाराकडून जेवढं शुल्क घेता येतं, त्याची मर्यादा कमी आहे. मोठ्या दुकानदारासाठी ती जास्त आहे. सहा लहान दुकानं एकत्र बांधून त्यांचं एक मोठं दुकान केलं, त्यामुळे दर उतरण्याऐवजी चढला. पैसे वाचवण्यासाठी एकत्र आले आणि एकत्र आल्याचाच दंड भरत राहिले. वर सगळी उलाढाल एकटीच्या नावावर, म्हणजे उद्या कराची नोटीस आली असती तीही मावशींनाच.

मावशी सगळ्यांचं सारख्याच दराने कापत होत्या, कारण प्रतिनिधीने एकच दर सांगितला होता. हे ऐकून केरसुणीवाल्या आजी पुढे सरकल्या. त्यांची सगळी गिऱ्हाइकं फोननेच पैसे देणारी.

"म्हणजे माझ्यावर काहीच पडत नव्हतं?"

शाखाधिकारी म्हणाला, नाही.

आजींनी काकांकडे बघितलं. "तुझ्या झुंबरांचं मी भरत होते होय रे? केरसुण्या विकून?"

काकांनी वर झुंबरांकडे बघितलं. ओळ हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मग जे करायला हवं होतं ते झालं, आणि ते अवघड अजिबात नव्हतं. प्रत्येकाने आपल्या नावाचं खातं आणि आपल्या नावाचा क्यूआर घेतला. पैसे आले की रक्कम बोलून सांगणारा डबा भाड्याने घ्यायचा की फोनवर आलेला संदेश बघायचा, ते ज्याचं त्याने ठरवलं. आजींनी डबा घेतला, त्यांना तो आवाज आवडला. सामाईक मशीन परत गेलं. मोठी हॉटेलं आणि क्रेडिट कार्डवाली गिऱ्हाइकं येतात म्हणून काकांनी तेवढं नवं मशीन स्वतःच्या नावावर घेतलं, लहान दुकानदाराच्या दराने, आणि सही करण्याआधी दर लिहून मागितला. मशीन द्यायला आलेल्या नव्या प्रतिनिधीला हे विचित्र वाटलं. वाटू दे. परदेशातून रुखवताची मागणी येते, तिथे पैसे घ्यायच्या लिंकवर शुल्क जास्त लागतं. ते किती, हे आधी विचारून मगच भाव सांगायचा, असं रुखवतवाल्याने ठरवलं. हे सगळं एका दुपारी झालं. शाळेच्या दोन तासांएवढं ज्ञान. तेवढं देण्याची तसदी कुणी घेतली नव्हती, कारण न देण्यातच पैसे होते.

खातं सुटल्याचा संदेश मावशींच्या फोनवर आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी तो दोनदा वाचला. मग मला विचारलं, "साहेब, कागदावर मी आता कोण?"

"साक्षीदार."

"म्हणजे न्यायचं नाही."

"न्यायचं नाही, मावशी. कोर्टात एकदा यावं लागेल, जे घडलं ते सांगायला. घरी परत सोडायची जबाबदारी आमची."

त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं, समोरची टोपली ओढून तिची निघालेली पट्टी बसवू लागल्या. बसवता बसवता म्हणाल्या, "एक सांगू? मी घरात दिवा लावून झोपत होते. बेल वाजली तर अंधारात धडपडायला नको." नंतर बराच वेळ ओळीत नेहमीचा कलकलाट चालू होता: खात्यात अडकून राहिलेल्या वाटण्या, आधी कुणाचं, चहा कुणाकडे. मी उभा होतो. शेवटी त्यांनीच मान वर केली.

"आता निघा साहेब. पोलीस उभा दिसला की गिऱ्हाईक बिचकतं."

मी निघालो. त्या रस्त्याने इतक्या हलक्या पायांनी मी त्याआधी कधी चाललो नव्हतो.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते प्रशिक्षण केंद्रात कुणी शिकवलं नव्हतं. गुन्हेगार लपवतो, आणि ज्याला नियम कुणी नीट सांगितलेला नाही तोही लपवतो. ठाण्यातल्या टेबलापलीकडून दोघं अगदी सारखे दिसतात. तेव्हापासून नोकरी सोडेपर्यंत प्रत्येक गप्प माणसाला मी आधी विचारायचो, तुम्हाला नियम काय सांगितलाय, आणि कुणी सांगितलाय. निम्म्या वेळा तिथेच वाट सापडायची.

म्हणून ही पत्रकं. आपलं खातं, आपलं मशीन दुसऱ्याला वापरायला देऊ नका, जवळचा असला तरी. पण ते का द्यावंसं वाटतं, हेही कुणीतरी विचारा. शुल्क गुपित ठेवलं की माणसं चोरवाटा शोधतात, आणि चोरवाटेवर सापडलेल्या माणसाला आम्ही चोर म्हणतो. माझ्या हातून ते होणारच होतं. अटकेचा प्रस्ताव टंकून तयार होता, फक्त सही राहिली होती. मी तो फाडला तेव्हा हवालदार शेजारी होते. त्यांनी तुकडे गोळा केले, टोपलीत टाकले आणि म्हणाले, "बरं झालं. टंकन सुबक होतं, पण गोष्ट खोटी होती."